इंग्लंडचे पटवारी

परतवाड्यात निवृत्त माणसाची कामं ठरलेली असतात. सकाळी धारणी रोडनं फिरून यायचं, लाकूड आगारात सागवानाचा लिलाव असला की स्वतः बोली न लावता दुसऱ्याच्या बोलीवर मत द्यायचं, थंडीत बहिरमच्या यात्रेत हंडीतलं मटण खायचं आणि उरलेल्या वेळात संत्र्याच्या भावावरून सरकारला नावं ठेवायची. आमचे पटवारीसाहेब यातलं सगळं करतात. वर आणखी एक करतात. ते इंग्लंडची दप्तर तपासणी करतात.

नोकरीत असताना त्यांच्याकडे अचलपूर तालुक्यातला एक सज्जा होता. निवृत्त झाल्यावर तो सुटला आणि त्याच्या जागी हर्टफर्डशर, यॉर्कशर, डॉर्सेट असा मोठा सज्जा आला. तिथली जमीन कोणाच्या नावावर आहे, बोजा किती, वारस कोण, भांडण कशावरून, हे सगळं त्यांना तोंडपाठ आहे. माहितीचा उगम मात्र एकच : कादंबऱ्या. ज्या कादंबरीत इंग्लंड आहे ती ते वाचतात, आणि वाचली की तिच्यावर शेरा मारतात. त्यांच्या मते यालाच समीक्षा म्हणतात.

हा नाद लागला तो पुतणीमुळे. ती बी.ए.ला इंग्रजी साहित्य घेऊन बसली होती. एका भारनियमनाच्या संध्याकाळी तिचं पाठ्यपुस्तक साहेबांच्या हाती लागलं. पहिल्या काही पानांतच त्यांना वर्षाचं उत्पन्न दिसलं, मग मिळकत, मग वारस. पुतणीला ती कादंबरी प्रेमकथा म्हणून शिकवली होती. साहेबांनी सकाळी पुस्तक परत करताना तिला सांगितलं, "बाई, हे वारस नोंदीचं प्रकरण आहे. पेपरात तसंच लिहिजो." तिनं तसं लिहिलं नाही. ती पहिल्या वर्गात पास झाली, आणि याचा विषाद साहेबांना अजून आहे.

इंग्रजी ते शाळेत शिकले त्याहून जास्त रेकॉर्ड रूममध्ये शिकले. वऱ्हाडातले जुने बंदोबस्ताचे अहवाल इंग्रजीतच असत. त्यामुळे त्यांना इंग्रजीत 'प्रेम' म्हणायला अडतं, पण 'गहाण', 'खंड', 'तगाई' आणि 'थकबाकी' म्हणायला अडत नाही. एकोणिसाव्या शतकातली इंग्रजी कादंबरी समजायला एवढं इंग्रजी पुरतं, असं त्यांचं ठाम मत आहे.

त्यांची नोंदवही पाहण्यासारखी आहे. लाल कापडाच्या पाठीचं जाड रजिस्टर, पट्टीनं आखलेले रकाने. 'हे सरकारी नाही, बाजारातून आणलेलं आहे, पावती आहे,' असं ते न विचारता सांगतात. शर्टाच्या खिशात दोन पेनं असतात : निळं नोंदीसाठी, लाल दुरुस्तीसाठी. मी इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवत असल्यामुळे मला ते रजिस्टर उघडून दाखवतात. इतरांना नक्कल मिळत नाही. पहिलीच नोंद अशी आहे :

मौजा : लाँगबोर्न. जिल्हा : हर्टफर्डशर.
कादंबरी : प्राइड अँड प्रेज्युडिस, सन १८१३.
भोगवटादार : बेनेट, वर्ग २.
उत्पन्न : सालीना पौंड २,०००.
वारस : मुली ५. मुलगा निरंक.
इतर हक्क : कॉलिन्स, दूरचा भाऊबंद, धंदा पाद्री.
शेरा : खातेदार निष्काळजी. पुस्तकं वाचत बसतो. पत्नी एकटी धावपळ करते.
अंतिम पैसेवारी : ९४.

यातला 'वर्ग २' हा मी वाचलेला सगळ्यात नेमका साहित्यिक शेरा आहे. वर्ग २ ची जमीन कसता येते, खाता येते. कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. बेनेटची मिळकत तशीच बांधलेली होती : त्याच्या हयातीपुरती त्याची, पुढे फक्त पुरुष वारसाची. वर्गात हे समजावून सांगायला मला आख्खा तास लागायचा. आता मी फळ्यावर 'वर्ग २' लिहितो आणि शेतकऱ्यांची पोरं मान डोलावतात.

पैसेवारीचं तर शास्त्रच आहे. महसूल खात्यात आधी नजरअंदाज पैसेवारी निघते, मग सुधारित, आणि खरिपाची अंतिम आमच्या विभागात ३१ डिसेंबरपर्यंत. पन्नास पैशांच्या आत आली तर गावात टंचाई. साहेब पुस्तकालाही हेच तीन टप्पे लावतात. पहिली पन्नास पानं चाळून नजरअंदाज, निम्म्यात सुधारित, संपल्यावर अंतिम. "सुरुवातीले सगयीच कादंबरी हिरवी दिसते. बोंड किती धरते ते दिवाळीनंतर समजते." गाजलेल्या पुस्तकांवरचे कितीतरी लेख हे नजरअंदाज पैसेवारीवरच निघालेले असतात, ही माझी त्यात भर.

एकदा गावातल्या व्याख्यानमालेत बाहेरून एक प्राध्यापक जेन ऑस्टिनवर बोलायला आले होते. उपरोध, निवेदनाचा सूर, स्त्रीमन असं सगळं झालं. मिसेस बेनेट ही जागतिक वाङ्मयातली एक अजरामर मूर्ख बाई आहे, असं त्यांनी हसत सांगितलं, सभागृहही हसलं. प्रश्नोत्तरांना साहेब उठले.

"सर, एक इचारू काय? बेनेटसाहेब मेले, तर त्या बाईच्या हाती किती राह्यते?"

प्राध्यापकांनी आकडा लक्षात नसल्याचं मोकळेपणानं सांगितलं. साहेबांनी खिशातून चिठ्ठी काढली. "लग्नाच्या वक्ताले बांधून ठेवलेले पाच हजार पौंड. चार टक्क्यानं साल दोनशे. आज घरात दोन हजार येऊन राह्यले. उद्या घर कॉलिन्सचं, अन् सहा बाया दोनशेवर. सगया घरात हे एका बाईले दिसून राह्यलं, अन् आपण तिलेच मूर्ख म्हणून राह्यलो?"

"आपण आर्थिक अंगाबद्दल बोलताय," प्राध्यापक म्हणाले, "मी कलाकृतीबद्दल."

"पोट कलाकृतीच्या बाहेर राह्यते काय सर?"

टाळ्या पडल्या. प्राध्यापकही मनापासून हसले आणि नंतर चहाच्या वेळी त्यांनी ती चिठ्ठी मागून घेतली. साहेब विजयी मुद्रेनं घरी गेले आणि काकूंना सगळी हकीगत सांगितली. काकू शेंगा फोडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "आपल्या दोन पोरींचे स्थळं कोनं पाह्यले? तुम्ही तवा कोनाचे फेरफार लिहून राह्यले होते?" दुसऱ्या दिवशी मी रजिस्टर पाहिलं तर बेनेटच्या शेऱ्यातला 'निष्काळजी' शब्द खोडून वर लाल शाईनं 'कार्यबाहुल्यामुळे लक्ष देऊ शकला नाही' असं लिहिलं होतं. खाली दिनांकासह सही.

पण याच नोंदीवर ते कधीकधी गंभीर होतात. लाँगबोर्नच्या पोरींना कायद्यानंच जमीन मिळणार नव्हती. आपल्याकडे महाराष्ट्रानं १९९४ साली आणि मग केंद्रानं २००५ साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाएवढा हक्क दिला. कायदा आला तेव्हा साहेब नोकरीत होते. त्यानंतर त्यांच्या हातून जितकी वारस नोंद झाली, तितकीच हक्कसोडपत्रंही फेरफाराला आली. बहिणी गाडी करून यायच्या, सही करायच्या, भाऊ त्यांना चौकात चहा पाजायचा. "त्याहिच्यात पोरीले कायद्यानं काढलं," ते म्हणतात, "आपल्यात साडीचोयी देऊन काढते. ऑस्टिनबाई आपल्या तालुक्यात असती, तर तिले कॉलिन्स लागलाच नसता. सख्खा भाऊच पुरला असता."

'वदरिंग हाइट्स' ही १८४७ सालची कादंबरी त्यांनी एका पावसाळ्यात संपवली. प्रेमाचं वादळ, माळावरचा वारा, खिडकीवर येणारं भूत, असा तिचा लौकिक आहे. दिलीपकुमारचा 'दिल दिया दर्द लिया' हा १९६६ सालचा सिनेमाही तिच्यावरूनच काढलेला. साहेबांनी सिनेमा तरुणपणी पाहिला होता. कादंबरी वाचून ते म्हणाले, "दिलीपकुमारनं प्रेम पाह्यलं, सावकारी नाई पाह्यली."

रजिस्टरमध्ये दोन गट आहेत : वदरिंग हाइट्स आणि थ्रशक्रॉस ग्रेंज, मधलं अंतर चार मैल. पहिल्याचा मालक हिंडली जुगारी निघाला आणि त्यानं सगळं हीथक्लिफकडे गहाण टाकलं. तो मेला तेव्हा जमीन सावकाराच्या ताब्यात आणि मालकाचा पोरगा त्याच घरात गडी. दुसऱ्या गटासाठी हीथक्लिफनं आपल्या मरायला टेकलेल्या पोराचं लग्न त्या घरच्या मुलीशी लावून दिलं. साहेबांनी त्या पोराच्या नावापुढे 'अज्ञान, अ.पा.क. बाप हीथक्लिफ' असं लिहिलं आहे, आणि खाली प्रश्न : 'अज्ञान मुलास जमिनीचे मृत्युपत्र करता येते काय? येत नाही. सबब ग्रेंजवरील ताबा संशयास्पद.'

मी त्यांना सांगितलं की सी. पी. सँगर नावाच्या एका बॅरिस्टरनं या कादंबरीतल्या वंशावळी, तारखा आणि मालमत्तेचे कायदे तपासून एक छोटं पुस्तक लिहिलं होतं. ते १९२६ साली व्हर्जिनिया वुल्फ आणि तिच्या नवऱ्याच्या होगार्थ प्रेसनं छापलं. त्यात हाच मुद्दा आहे, आणि एमिली ब्राँटीला कायदा किती बारकाईनं ठाऊक होता हेही दाखवलं आहे. मला वाटलं साहेब हरखतील. त्यांनी शांतपणे विचारलं, "बॅरिस्टरचं नाव पुन्हा सांगा," आणि रकान्यात लिहिलं : 'फेरफार मंडळ अधिकाऱ्याने तपासून प्रमाणित केला.' आपल्या कामावर वरिष्ठाची सही झाली, एवढाच त्याचा अर्थ.

थॉमस हार्डी हा त्यांचा लाडका लेखक, कारण त्याच्याकडे ढोरं आहेत. 'फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड' (१८७४) त्यांनी आरामशिनीजवळच्या चहाच्या टपरीवर दोन आठवडे सांगितली. मेंढ्या कोवळ्या क्लोव्हरच्या वावरात शिरतात आणि पोट फुगून पटापट पडू लागतात, इथं आल्यावर त्यांनी मुद्दाम कप तोंडाला लावला.

"बरसीम खाल्लं असंन," एकजण म्हणाला.

"त्याच जातीचं."

"गोडंतेल पाजलं का?"

"वक्त निंघून गेला होता."

"मंग डाव्या कुशीत नळी टोचा लागते. ढोराच्या डॉक्टरले बलवा!"

"टोचनारा एकच मानूस गावात," साहेब सावकाश म्हणाले, "अन् मालकीणबाईनं त्याले आदल्याच दिवशी कामावरून काढलं."

टपरीवर एकदम कल्लोळ झाला. बाथशिबाचं रूप, गॅब्रिएल ओकचं एकनिष्ठ प्रेम, याची कोणी चौकशी केली नाही. सालदाराला साल पुरं व्हायच्या आत काढलं तर त्याचा हिशेब केला होता का, हा पहिला प्रश्न. निरोप धाडला तरी ओक आला नाही, नीट विनंती करा म्हणाला, यावर दोन तट पडले. ज्यांच्याकडे सालदार होते ते म्हणाले, ढोरं मरून राहिली असताना मानपान कसला. जे कधीकाळी सालदार होते ते म्हणाले, बरोबर केलं गड्यानं. शेवटी ओकनं मेंढ्या वाचवल्या हे ऐकून सगळ्यांनी सुस्कारा टाकला. हार्डीला एवढा जाणकार श्रोता लंडनच्या मासिकानं मिळवून दिला असेल असं मला वाटत नाही.

'द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज' सांगताना तर भाषांतराचीही गरज पडली नाही. हेंचार्ड जत्रेत दारूच्या नशेत बायको विकतो, पाच गिनींना. "बहिरमले काय होत नाई?" एवढीच प्रतिक्रिया आली. पुढे तो धान्याचा मोठा व्यापारी होतो, हवामान सांगणाऱ्या एका बुवाकडे चोरून जातो, त्याच्या भाकितावर भरमसाट धान्य भरतो, उघाड पडते, भाव कोसळतो, तो घाबरून विकून मोकळा होतो आणि मग पाऊस येतो. भेंडवळच्या घटमांडणीचा निकाल ऐकून तूर भरून ठेवणारे आणि चार दिवस आधी विकून बसणारे दोघेही त्या बाकड्यावर होते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. हेंचार्डची पैसेवारी साहेबांनी ९७ लावली. रजिस्टरमधला हा उच्चांक.

नीचांक व्हर्जिनिया वुल्फकडे आहे. 'मिसेस डॅलोवे', सन १९२५. नोंद अशी : 'एक दिवस. एक बाई. सकाळी फुले आणते, संध्याकाळी पाहुणे येतात. जमीन निरंक. फेरफार निरंक. पैसेवारी १८.' मी रदबदली केली. मनाचा प्रवाह, महायुद्धातून परतलेल्या शिपायाचं दुःख, असं बरंच सांगितलं. त्यांनी मला कायदा ऐकवला : त्याच १९२५ साली इंग्लंडनं, मृत्युपत्र नसलं तर सगळी जमीन थोरल्या मुलाला, हा शेकडो वर्षांचा नियम मोडीत काढला. "त्याच साली कादंबरीतून वावर गेलं. मंग मानूस काय करंन? इचार करत बसंन."

वुल्फबाईंना त्यांनी पुढे अर्धी माफी दिली. बाईला लिहायचं तर स्वतःची खोली आणि वर्षाला पाचशे पौंड हवेत, हे त्या एका निबंधात सांगतात. ते पाचशे पौंड आले कुठून? मुंबईत घोड्यावरून पडून मेलेल्या आत्याच्या मृत्युपत्रातून. हे वाचल्यावर साहेबांनी लाल पेन काढलं आणि शेरा वाढवला : 'बाईला हिशेब समजतो. कादंबरीत का लपवला, खुलासा मागवावा.'

पिकाचा रकाना रिकामा सोडणाऱ्या लेखकावर त्यांचा विशेष राग. एलिझाबेथ गॅस्केलच्या 'नॉर्थ अँड साउथ'मध्ये कापडाची गिरणी आहे, संप आहे, गिरणीमालकाचं लग्न आहे. "कापूस कोनं पिकवला थे नाई!" कादंबरी पुस्तकरूपानं आली १८५५ साली. सहा वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशरच्या गिरण्यांना वऱ्हाड आठवला. "सहा साल थांबली असती तर आपलं नाव आलं असतं," असं ते हळहळून म्हणतात. जणू बाईंनी त्यांना तसं कबूल केलं होतं.

मी एकदा सरळ विचारलं, काका, हे सगळं कशासाठी? त्यांनी उत्तरेकडे बोट दाखवलं. तिकडे सातपुडा होता. "१५ डिसेंबर १८०३. तिथी गाविलगडावर वेलस्ली चढला. बारा सालानं थोच वॉटर्लूले वेलिंग्टन म्हणून उभा, अन् ते लढाई थॅकरेच्या 'व्हॅनिटी फेअर'मध्ये. बर्नार्ड कॉर्नवेलनं तर १९९९ साली गाविलगडावरच कादंबरी काढली. निजामानं १८५३ साली वऱ्हाड इंग्रजाच्या हवाली केला. त्याहिनं साखयी घेऊन आपलं वावर न् वावर मोजलं, धुऱ्यावर दगड रोवले, प्रत लावली : हे काळी, हे बरड. आपल्या आजोबाले कोनं इचारलं? आता आपण त्याहिचं मोजून राह्यलो. प्रत लावून राह्यलो. पण मी खोटी नोंद नाई करत सर. त्याहिनंही नाई केली."

त्याच 'व्हॅनिटी फेअर'मध्ये बंगालचा एक लठ्ठ, घाबरट, पोशाखी कलेक्टर आहे, जॉस सेडली. लढाईची तोफ ऐकून तो मिशा काढून ब्रसेल्समधून पळतो. त्याच्यापुढचा शेऱ्याचा रकाना कोरा आहे. कारण विचारलं तर साहेब इकडेतिकडे पाहून म्हणतात, "पेन्शन चालू आहे."

हल्ली त्यांची कीर्ती पसरली आहे. परवा तालुक्यातले एक होतकरू लेखक आपली मराठी कादंबरी घेऊन आले. साहेबांनी आदरानं बसवलं, काकूंना चहा टाकायला सांगितलं, पुस्तक उलटसुलट पाहिलं आणि जागच्या जागी जाहीर केलं : एक्कावन्न पैसे. लेखक खूश होऊन गेले. मी म्हणालो, काका, तुम्ही तर पहिलं पानही वाचलं नाही.

"इंग्लंडात माह्यं कोनी सोयरं नाई सर. तिथी मी खरं लिहितो. याच्या मामाचं वावर माह्या वावराले लागून आहे."

"पण एक्कावन्नच का?"

"आख्खी नोकरी त्याच्यावर काढली. पन्नासच्या आत लिहिलं की मदत द्या लागते, लई वर लिहिलं की वसुली द्या लागते. एक्कावन्नले कोनालेच काही द्या लागत नाई."